शेळ्यांच्या वाडग्यातल्या बिया

आई,

तुझ्या पायावर डोकं ठेवते. मी पुण्यात बरी आहे, वेळेवर जेवते. मल्हारी फोन मधेच बंद करतो, म्हणून पत्र लिहिते. मल्हारी, आईला वाचून दाखवताना एकही वाक्य गाळू नकोस.

मी नोकरी करते त्या संस्थेचे साहेब आपल्या बांधावर झाडं लावून देणार आहेत, पण आधी शेळ्या विका म्हणतात. "शेळी म्हणजे झाडांची वैरीण!" हे ते पंख्याखाली बसून सांगतात. त्यांच्या रोपवाटिकेत बाभळीचं बी रुजत नाही, पिशव्यांत नुसती माती दिसते. आपल्या बांधावर बाभळी शेळ्यांनी लावल्या, असं मी सांगितलं तर हसले. शेळ्या शेंगा खातात, पोटात भिजून मऊ झालेल्या बिया रवंथ करताना रात्री कोंडतो त्या वाडग्यात टाकतात आणि त्याच बिया खताबरोबर शेतात जाऊन उगवतात. त्या बाभळींना सुगरणीचे खोपे लटकलेत. साहेबांच्या सागाच्या रांगेत कावळा बसत नाही, तरी पाटीवर 'जैवविविधता' लिहिलंय.

आणि आमचा भाऊ मल्हारी असल्या माणसापुढं "व्हय साहेब, व्हय साहेब" करून राहिला! काहून रे? पाटीवर तुझं नाव येईल म्हणून शेळ्या हिंगोलीच्या बाजारात नेतोस?

आई, शेत तुझ्या नावावर आहे, साहेबांच्या कागदावर अंगठा देऊ नको. आमचं शेत मिळणार नाही, असं मी साहेबांना तोंडावर सांगितलंय. नोकरीचं बघू, तू घोर करू नको. गुडघा कसा आहे? काबरी शेळी व्याली का? वाडग्यातल्या पसाभर बिया पाठव, इथं उगवून दाखवते.

मल्हारी, वाचून झालं असेल तर ऊठ. शेळ्या चरायला सोड.

तुझी लेक,
मोहिनी