मुंडावळ्यांचे लाल थेंब

बों अक्योय, १३ मे १९७९, रविवार

आईने आज थाप मारली, आणि निस्तरायची मला.

वसंतची आई बो बासेंहून आली होती. वसंत म्हणजे आमच्या निमीचा होणारा नवरा. सरकारी हपिसात कारकून, स्वभावाने गरीब, गालावर हे एवढे कल्ले. विहीणबाई मात्र तोलून मापून बोलणाऱ्या. चहात साखर अर्धा चमचा, आणि शब्दही तेवढेच. जाता जाता म्हणाल्या, "मुंडावळ्या आमच्यात मुलीकडचे आणतात. थोरल्या सुनेच्या पुण्याहून आल्या होत्या."

आई लगेच, "आमच्याही देशातूनच येतायत की!"

देश म्हणजे समुद्रापलीकडचा, जिथून आमचे पणजोबा बोटीने या बेटावर आले तो. मी किटली धरून उभीच. कुठून येतायत? कोण आणतंय? बाई बसमध्ये बसल्यावर आईला विचारलं. म्हणते कशी, "त्रियोलेचा मामा मुंबईला गेलाय ना, टाक त्याला पत्र. बोलून गेले ते गेले, कुसमे."

लग्न १७ जूनला. पत्र टाकलं.

२६ मे, शनिवार

मामा आला. स्टीलचे डबे आणले, उदबत्त्या आणल्या, स्वतःला कोल्हापुरी चपला आणल्या. मुंडावळ्या? "कसलं पत्र? मला कुठलं पत्र मिळालं?"

बोंज्ये! देवा रे!

आई पायरीवर बसून राहिली. निमी रडायला लागली. "ताई, त्यांनी पहिल्याच दिवशी मला खोटारड्यांच्या घरातली म्हटलं, तर मी काय करू? मला तिथे जन्म काढायचाय." आईला रागवावं तर तिचं तोंडच इतकंसं झालेलं. आमचे बाबा गेल्यापासून कुणासमोर कमी दिसायचं नाही, हा तिचा एकच हट्ट.

मी म्हटलं, मी करते मुंडावळ्या. बोलून बसले. आईचीच पोरगी मी.

२९ मे

फॅक्टरीत आमची लाइन बायकांच्या ब्लाउजांची. मोत्यासारखी बटणं, मागे बारीक कडी. ज्यांचा रंग उडालेला ती केराच्या खोक्यात जातात. सुपरवायझरला विचारलं, घेऊ का? म्हणाली, अख्खी पिशवी घे, माझं झाडणं वाचेल.

पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले तर खुळखुळ खुळखुळ. समोरची म्हातारी विचारते, "वाटाणे का गं?"

३१ मे

बटणं ओवायला नायलॉनचा मासे पकडायचा धागा. कडीतून जातो, तुटत नाही. कपाळावर दोन सर, दोन्ही बाजूंनी गालावर एकेक सर लोंबतो. निमीच्या कपाळाला लावून बघितलं. आई म्हणाली, "देशातल्या असत्या तर याहून काय वेगळ्या असत्या!"

पण लोंबत्या सरांच्या टोकांना काहीतरी हवं. नुसतं बटण लोंबलं की सदऱ्याचंच दिसतं. मला लाल थेंब हवेत. काचेसारखे.

३ जून, रविवार

समुद्रावर जाऊन आले, त्रू दो दूसला. तिथे तोंतों गास्तों, म्हणजे गास्तोंकाका, होड्या दुरुस्त करतो. भोकांवर कापड लावून वर जे चिकट मधासारखं ओततो, ते रेझिन. सुकलं की दगड. त्याच्याकडून जॅमची बाटली भरून आणलं, आणि डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटलीत ते घट्ट करायचं पाणी. ते थेंब थेंब घालायचं. किती थेंब? त्याने त्याचा पत्र्याचा कप दाखवला आणि म्हणाला, "पा त्रो बोकू, तिफी!" जास्त नको, पोरी.

नवरीसाठी म्हटल्यावर पैसे घेईना. म्हणाला, लग्नातला लाडू आणून दे.

४ जून

त्याचा कप केवढा, माझा केवढा! त्याच्या कपाचे थेंब मी माझ्या चहाच्या कपात घातले. कपातून धूर! आई मोरीतून ओरडली, "घर जाळतेस का?" कप अंगणात ठेवला तर टाण्णकन तडकला. आईचा निळ्या फुलांचा कप. आतल्या रेझिनला कपाची दांडी चिकटून बसलीय. आई म्हणते, वाळत घातलेल्या कडीपत्त्यावर दाब ठेवायला बरा.

६ जून

आज जमलं! थेंबांआधी हात बसावा म्हणून वाणाचे करंडे केले. लग्नाला येणाऱ्या बायकांना हळदीकुंकवाला द्यायचे. टोमॅटोच्या पेस्टचे छोटे डबे गल्लीभर मागून आणले, कडा हातोडीने दाबल्या, वरून निमीच्या जुन्या फ्रॉकचं कापड. झाकणासाठी जॅमच्या बाटलीच्या झाकणाला आतून खोबरेल लावलं, रंगीत बटणं मांडली, वर रेझिन. दुसऱ्या दिवशी उलटं करून ठोकलं की गोल चकती बाहेर. बटणं आत अडकलेली, जशी पाण्यात पडलीयत. शेजारची पोरं चकतीवर नख मारून बटण काढायला बघतात.

चौतीस झाले. हात सोललेत. पण काय दिसतात!

९ जून

आता थेंब. साचा सापडला. आईच्या डोकेदुखीच्या गोळ्यांच्या पाकिटाचे खळगे. खोबरेल लावून, सराच्या धाग्याचं टोक आत सोडून त्यात रेझिन ओतायचं. पण लाल रंग कुठला घालू? शाई घातली तर जांभळी दिसते. मग सुचलं आणि मीच स्वतःवर खूश झाले. कुंकू! लग्नाची वस्तू, तिच्यात कुंकूच पाहिजे. देव्हाऱ्यातलं घेतलं, हळदीची चिमूटही टाकली. आई म्हणाली, "बघ, डोकं कसं चालतं माझ्या पोरीचं."

त्या धुराच्या भीतीने घट्ट करायचं पाणी हात आखडून घातलं.

१२ जून

पाऊस, गारठा. इकडे जून म्हणजे हिवाळाच. थेंब दिसायला सुंदर. पण बोट लावलं की बोट धरून ठेवतात. चुलीजवळ ठेवले, उन्हात ठेवले (ऊन कुठे आहे!), तसेच. बिनरंगाच्या चकत्या एका दिवसात खडखडीत झाल्या होत्या. म्हणजे कुंकवाने बिघडवलं की काय? की पाणी कमी पडलं?

पुन्हा करायला रेझिन उरलं नाही. फॅक्टरीत ओव्हरटाइम, समुद्रावर जायला रविवारशिवाय दिवस नाही. आणि रविवारी लग्न.

१४ जून

पावडर! तोंडाची पावडर चोळली थेंबांवर. चिकटपणा गेला. जरा फिके दिसतात, पण गुलाबी मोत्यासारखे. निमीला सांगितलं नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "कोण बोट लावून बघणार आहे?"

१६ जून, शनिवार

मांडव झाला. बांबू, ताडपत्री, नारळाच्या झावळ्या. विहीणबाईंनी काल माणूस पाठवून वसंतच्या मुंडावळ्या नेल्या, आणि निरोप पाठवला, "छान आहेत. देशातलं काम वेगळंच असतं." आई हसून हसून मेली. मला मात्र हसू येईना.

१८ जून, सोमवार

कालचं लिहिते. लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

मंगलाष्टकापर्यंत सगळं ठीक. वसंत छान दिसत होता, कल्ले विंचरून आलेला. मग होम. तूप पडतंय, धग लागतेय, सगळे घामाघूम. मी निमीच्या मागे बसले होते. बघते तर वसंत मान हलवतो आणि मुंडावळीचा सर हलतच नाही. गालाला बसलेला. पावडर घामाने गेली, धगीने थेंब मऊ झाले आणि उजव्या कल्ल्यात रुतून बसले. निमीचा सरही गालाला चिकटला होता, पण तिचा गाल गुळगुळीत. मी खोबरेल लावून हळूच सोडवला. वसंतच्या कल्ल्यात खोबरेल घातलं तर अजूनच लगदा. सप्तपदीला उठायचंय, आणि नवरा एका बाजूला मान वाकडी करून बसलेला.

विहीणबाई आल्या. थेंब दोन बोटांत धरला. हुंगला. "देशातून आलेल्या वस्तूला होडीचा वास कसा?"

 आईने माझ्याकडे बघितलं, मग खाली. आता आणखी एक थाप मारायचा माझ्यात जीव नव्हता. म्हटलं, "मी केल्यात, मावशी. फॅक्टरीची बटणं. थेंब होडीच्या रेझिनचे. निमीला यातलं काही माहीत नव्हतं, तिला बोल लावू नका." पूर्ण खरं नाही, पण थेंबांचं तिला खरंच माहीत नव्हतं.

पहिला कोण हसला? वसंत. मान वाकडी तशीच, आणि खांदे गदगदा हलतायत. मग मामा, मग सगळा मांडव. विहीणबाई सोडून. त्या एवढंच म्हणाल्या, "कातर आणा." आणि स्वतःच्या हाताने कचकन कल्ला कापला. थेंब, त्यात अडकलेले केस, सगळं रुमालात गुंडाळून कनवटीला लावलं. सप्तपदी झाली. निमीला घेऊन गेल्या.

करंडे मात्र सगळे गेले. एक बाई दोन घेऊन गेली, मी बघितलं.

२१ जून

उद्या पाचवा दिवस. पाचपरतावण. निमी माहेरी येणार म्हणून आईने पुरण घातलंय. तोंतों गास्तोंचे लाडू वेगळे काढून ठेवलेत.

२२ जून

आले नाहीत. दुपारी निरोप आला, रविवारी येऊ, वसंतची आई स्वतः सोबत येणार आहे.

स्वतः! आई म्हणते, "काहीतरी बोलायला येतायत. कुसमे, माझ्यामुळे झालं गं." मी तिला म्हटलं, पावडर मी चोळली होती ना. दोघीच बसून पुरणपोळ्या खाल्ल्या.  निमी तिथे एकटी आहे, आणि तिच्यासमोर कोण काय बोलत असेल, हेच डोक्यात.

२४ जून, रविवार

आले तिघं. पहिल्यांदा निमीचं तोंड बघितलं. तोंड हसरं! मग वसंतचं बघितलं आणि ओळखलंच नाही. दोन्ही कल्ले गायब, गाल गोरे गोरे, शाळेतला मुलगा वाटतो. हपिसात म्हणे सगळे विचारतायत, नवीन आलास का?

चहा झाला. अर्धा चमचा साखर. विहीणबाईंनी कनवटीचा रुमाल काढला. मी आईचा हात धरला.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या, "चार वर्षं मी याच्या पाठी लागलेय, कल्ले काप, कल्ले काप. शपथा घातल्या, उपास केले. ऐकलं नाही. तुझ्या थेंबाने एका घटकेत कापायला लावले." आणि हसल्या. मी त्यांना हसताना कधी बघितलंच नव्हतं. पुढचे दोन दात जरा वाकडे आहेत, म्हणून बहुतेक हसत नाहीत.

मग आईकडे वळून म्हणाल्या, "देशातून आल्या म्हणालात, ते मला लागलं होतं, विहीणबाई. नाही कशाला म्हणू. पण पुण्याच्या मुंडावळ्यांचे मणी मांडवातच सांडले होते. हिचा एक मणी सुटला नाही. मी घरी ओढून बघितला."

आई रडली. मग दोघींनी एकमेकींना कुंकू लावलं.

शुक्रवारी का नाही आल्या? वसंतने दुसरा कल्ला स्वतः काढायला घेतला आणि गाल कापून घेतला. कापलेल्या गालाने सासुरवाडीला यायला लाजत होता.

रुमालात तो लाल थेंब होता, आत वसंतचे केस. विहीणबाई म्हणाल्या, "हा फेकायचा नाही. करंड्याच्या झाकणात बसव. याचा मुलगा केस वाढवायला लागला की दाखवीन त्याला." निमी लाजून आत पळाली. मी विचारलं, "आणि चिकट राहिला तर?"

"तर परत येईन," म्हणाल्या. "तोवर येत जाईन."

१ जुलै, रविवार

समुद्रावर जाऊन आले. तोंतों गास्तोंने लाडू खाल्ला, कल्ल्याची गोष्ट ऐकून होडीवर बसून पोट धरधरून हसला. मग त्याने नवं रेझिन दिलं, मी सोबत नेलेला चहाचा कप बघितला आणि त्याला किती थेंब ते मोजून दिले. कुंकू घातलं म्हटल्यावर म्हणाला, पुन्हा घालायचं असेल तर आधी चमचाभर करून बघ.

झाकण घेतलं, खोबरेल लावलं. कडेने पांढरी बटणं, मधे तो लाल थेंब. वर साधं, बिनरंगाचं रेझिन. थंडी आहे, आभाळ भरलेलं. एक बटण तिरकं तरंगलं, टाचणीने सरळ केलं. जुना थेंब आत सुटून रंग पसरेल की काय, कोण जाणे.

२ जुलै, सकाळ

फॅक्टरीची गाडी कोपऱ्यावर आलीय, भोंगा वाजवतेय. झाकण खिडकीत आहे. वरून चकचकीत दिसतंय, पण त्या वेळीही चकचकीतच दिसलं होतं.

आई म्हणते, "टेकव की बोट."

संध्याकाळी टेकवीन. चिकटलं तर चिकटलं, तसंच सांगेन मावशींना. पावडरचा डबा निमी परत गेली तेव्हाच तिच्या पिशवीत घालून बो बासेंला पाठवून दिलाय.