तिसरा गिअर आणि शिरगावची जमुना

मी, श्रीमती हिना कमलाकांत तामोरे, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी, राहणार नवापूर, तालुका व जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या ओट्यावर बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या १८ तारखेला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, पण कागदपत्रे नीट करून या. माझी बुद्धी शाबूत आहे, आठवण चांगली आहे, मला कोणाचा धाक नाही की कोणी भरीस घातलेले नाही. तसा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मत्सराविषयी त्यांनी काही विचारले नाही, म्हणून दाखल्यात त्याचा उल्लेख नाही. तो मी खाली करते.

१. माझे पती मार्च २०२३ मध्ये वारले. त्यानंतर महिन्याभरात मी एक मृत्युपत्र केले होते, ते आजपासून रद्द समजावे. त्यातले कलम चार असे होते की, माझ्या पश्चात मोटारसायकल सालवडच्या एखाद्या भंगारवाल्याकडे नेऊन गॅसकटरने कापावी, कापताना पतींचा पुतण्या दर्पण याने समोर उभे राहावे, आणि गिअरबॉक्सचा कोणताही भाग पालघर तालुक्यात विकला जाऊ नये. वकिलांनी तेव्हा विचारले होते, "ताई, गाडीने एवढं काय केलंय?" मी म्हटले, "गाडीने काही नाही केलं. तुम्ही लिहा."

२. नवापूरचे घर, दोन खोल्या, ओटा आणि मागची मोकळी जागा, पतींच्या मृत्युपत्राने माझ्या नावावर आहे. माझ्या सासूबाई येसूबाई, वय ७९, यांना तिथे हयातभर राहण्याचा हक्क राहील, आणि समुद्राकडच्या खोलीतून त्यांना कोणीही हलवू नये. त्यांच्यामागे घर दर्पणचे. सासूबाईंनी मला मुलीसारखे वागवले, हे मी इथे लिहून ठेवते. जेवणात मीठ कमी पडले तरी त्या बोलल्या नाहीत. फक्त गाडी बंद पडली की म्हणायच्या, "जमुनाचा हात लागला असता तर." सतरा वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी पूर्ण केले नाही.

३. माझा फंड, बँकेतली ठेव आणि दागिने माझी धाकटी बहीण रूपल हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. माझी हत्यारे, म्हणजे पान्यांचा संच, बेअरिंग ओढायचा पुलर आणि मायक्रोमीटर, बोईसरच्या ज्या मिस्त्रींकडे मी काम शिकले त्यांच्या गॅरेजला द्यावीत. पत्ता रूपलला ठाऊक आहे.

४. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर स्टीलचे पाच डबे आहेत. झाकणांवर "ध. ज. मेहेर, शिरगाव" असे कोरलेले आहे. ते जमुनाच्या वडिलांचे नाव. माझे पती गाडी दाखवायला शिरगावला गेले की यांतला एखादा डबा सुकटीची चटणी भरून घरी येत असे. पाचही डबे घासून परत करावेत. मी ती चटणी कधी तोंडाला लावली नाही असे पतींना सांगितले होते. ते खरे नाही. चटणी चांगली होती.

५. मोटारसायकल. हे कलम लांब होणार आहे.

गाडी १९७४ सालची, माझ्या सासऱ्यांनी नवी घेतलेली. तिची किक आणि गिअरची दांडी एकच आहे. दांडी वर उभी करून किक मारायची, मग पुढे पाडून तिनेच गिअर टाकायचे. गिअर चार. गाडीच्या नोंदणी-पुस्तकावर आता नाव माझे आहे.

जमुना धनाजी मेहेर ही माझ्या पतींची पहिली बायको. तिचे वडील शिरगावला होड्यांची इंजिने दुरुस्त करत आणि तीही त्यांच्याकडेच शिकली. २००४ साली वडिलांचे अंग लुळे पडले, तशी ती त्यांना आणि दुकानाला बघायला गेली आणि मग परत आली नाही. दोन वर्षांनी दोघांनी कोर्टातून रीतसर फारकत घेतली आणि बाहेर येऊन एकत्र चहा घेतला. भांडून वेगळे झाले असते तर मला झोप लागली असती.

मी २००८ साली या घरात आले. कमलाकांत बर्फाच्या कारखान्यात पाळीवर जात. माणूस शांत, पण पान्याचे तोंड कुठले हेही त्यांना कळत नसे. गाडीचा गिअर अडकला, तेल गळले, की ते शिरगावला जात. वर्षातून तीनदा तरी. सकाळी जायचे आणि उन्हे उतरल्यावर यायचे. मी विचारायची, "एवढा वेळ?" ते म्हणायचे, "गिअरबॉक्स उघडायला लागला." ते खोटे बोलत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. पण माझ्या नवऱ्याच्या गाडीचे पोट कोणी दुसरीने उघडावे आणि त्यांनी शेजारी बसून बघावे, हे मला सोसत नव्हते.

म्हणून २०१४ साली मी शिरगावला जायचे कारणच काढून टाकायचे ठरवले. बोईसरच्या त्या मिस्त्रींकडे आठ रविवार गेले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "मॅडम, गिअरबॉक्स सीखना है या किसी से बदला लेना है?" मी म्हटले, "दोनों." ते म्हणाले, "फिर जल्दी सीखोगी."

नवव्या रविवारी मी आमचा गिअरबॉक्स उघडला. कव्हरखाली कागदाचे पॅकिंग असते, तेल गळू नये म्हणून. तयार मिळाले नाही तर जाडसा कागद कव्हरवर धरतात आणि कडेने हातोडीने ठोकत कापतात. आतले पॅकिंग तेलाने पिवळे झाले होते. त्यावर छापील अक्षरे होती. मी उजेडात धरून वाचली. चि. सौ. कां. जमुना. पुढचा भाग कापला गेला होता.

त्यांच्या लग्नाची पत्रिका सहा वर्षे आमच्या गाडीत बसून फिरत होती. मी पाठीमागे बसून बाजारात गेले, दवाखान्यात गेले, माहेरी गेले, तेव्हाही.

ते पॅकिंग मी न्हाणीच्या बंबात जाळले आणि माझ्या लग्नाची पत्रिका आणली. माझ्या वडिलांनी हौसेने छापलेली, मरून रंगाची, पुठ्ठ्यासारखी जाड. सोनेरी गणपतीचा भाग सोडून मी त्यातून पॅकिंग कापले आणि कव्हर आवळले. कोणाला सांगितले नाही.

तेलाचा थेंब गळला नाही. पण त्या दिवसापासून तिसरा गिअर सुटू लागला. टाकला की लागायचा, जरा वेग घेतला की खट्कन बाहेर यायचा आणि इंजिन मोकळेच ओरडायचे. मी पुन्हा उघडला. गिअरचे दात बघितले, ते सरकवणारा फोर्क बदलला, बेअरिंग नवी घातली. मी कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात आहे. शाफ्टवरचा प्रत्येक वायसर मायक्रोमीटरने मोजला आणि नमुने ठेवतो तसे नंबर घातलेल्या पिशव्यांत ठेवला. असा चार वेळा उघडला आणि चारही वेळा नवी पत्रिका कापली. घरात चाळीस उरल्या होत्या. तिसरा सुटतच राहिला.

 कमलाकांतांना विचारले तर "बरी चालते" म्हणायचे. तिसऱ्यात ते डाव्या पायाने दांडी दाबून धरत, सगळा रस्ता. डावी चप्पल एकाच जागी झिजायची. पण गाडी घेऊन ते पुन्हा शिरगावला दुरुस्तीला गेले नाहीत. नऊ वर्षे. मला वाटले, मी जिंकले.

ते गेल्यावर मी तीच गाडी चालवत कामावर जाऊ लागले. तशीच, पाय दाबून.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली तेव्हा मनात आले, मेल्यावर कापायची तर खुशाल कापा, पण तिसरा का सुटतो हे न कळता मरणे मला जमणार नाही. १६ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, मी शिरगावला गेले. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

जमुना एका होडीचे इंजिन उघडून बसली होती. वय एक्कावन्न, केस सगळे पांढरे, रंगवलेले नाहीत. मी गाडी बंद करायच्या आत म्हणाली, "पाय दुखत नाय काय गो तुझा?"

"कसला पाय?"

"डावा. तिसऱ्यात दाबून आलीस न? तितून वळनावरनं आयकते मी. त्याचा पन दुखायचा."

ती त्यांना "तो" म्हणते. मी पंधरा वर्षांच्या संसारात एकदाही म्हटले नाही.

मी म्हटले, "तुम्हाला काय माहीत त्यांचा पाय दुखायचा ते?"

"बाप वारला तवा आला होता. तवाच आयकलं मी. म्हनलं, कागद जाडा बसलाय. कागद जाडा का कव्हर वर ऱ्हातं, शाफ्टाला जागा गावते, मंग तो मागंपुढं करतो. जुन्या गिअरचं दात झिजलेलं, सुटनारच. दहा मिन्टाचं काम हाय, आन इकडं. तर नाय म्हनला."

त्यांच्या तिथल्या त्या वेळच्या जाण्याला मी नाही म्हणू शकले नव्हते. प्रेताला आणि दिवसांना जाणाऱ्याला कोण अडवते?

"का नाही म्हणाले?"

जमुनाने हात फडक्याला पुसले. "कव्हरावर हात ठेवला त्यानं. म्हनला, उघडायचं नाय, हिनानं तितं आमच्या लग्नाची पत्रिका बसवलीय. बंबापाशी कपटे पडले होते म्हनं, भोकाभोकांचे. ते त्यानं उचलून ठेवले. हसत होता. म्हनला, लोकांच्या बायका गाडीला लिंबू-मिरची बांधतात, माझीनं अख्खं लगीन बांधलंय. ऱ्हाऊ दे, मी पाय दाबीन."

 मी विचारायला नको ते विचारले. "आणि तुमची पत्रिका? ती कशाला घातली होती आत?"

"हातापाशी होती. मापाची होती, पातळ. पाचशे छापल्या होत्या बापानं, दोनशे उरल्या. शेंगदाने पन त्यातच बांधायची मी."

हे मी खरे धरलेले नाही. पण तिच्या तोंडावर तसे म्हटलेही नाही.

मी गिअरबॉक्स उघडायला सांगितला. तिने नकार दिला. "त्याला शब्द दिलाय, मी नाय हात लावनार. तू उघड, मी बसते." मग मी उघडला. ती वायसर पिशव्यांत ठेवू देईना. निघतील तसे तारेत ओवायला लावले. शाळेच्या वहीचे कव्हर दिले, त्यातून मी पॅकिंग कापले. "आता शाफ्ट धर. ओढ. ढकल. नखाएवढा हलला पायजे, जास्ती नाय." माझ्या पत्रिकेचे पॅकिंग मी घरी आणून मोजले. वहीच्या कव्हरापेक्षा सहा दशांश मिलिमीटर जास्त. मी सगळे वायसर मोजले होते, हे एकच मोजले नव्हते, कारण ते माझे होते.

शिरगाव ते नवापूर तिसरा सुटला नाही. मी पाय उचलून आले आणि वाटेत एकदा थांबून रडले.

लोक म्हणतील, आता हिनाचे मन निवले असेल. निवलेले नाही. माझ्या पतींचा माझ्यावर किती जीव होता, हे मला या वयात कळले. आणि ते त्यांनी तिला सांगितले होते. मला नाही. घरी ते "बरी चालते" एवढेच म्हणत. ते हसून बोलले ते तिच्या शेडमध्ये, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा कसा होता हे तिने बघितले. मी तो कधीच बघणार नाही. पूर्वी मला तिच्या हाताचा मत्सर होता, आता तिच्या कानांचा आहे. हा जास्त वाईट आहे.

तरीही, पूर्ण विचार करून, सदर मोटारसायकल मी जमुना धनाजी मेहेर, राहणार शिरगाव, हिला देत आहे. दर्पणला दिली तर तो ती मुंबईच्या एखाद्या हॉटेलात शोभेला टांगायला विकेल, हे मला ठाऊक आहे. त्याने वाईट वाटून घेऊ नये, घर त्याचेच आहे. सासूबाईंना सांगावे की गाडीला जमुनाचा हात लागला.

दोन अटी आहेत.

पहिली : आमच्या गावात होड्यांवर नावे रंगवणारे जे पेंटर आहेत, त्यांच्याकडून गाडीच्या टाकीवर दोन्ही बाजूंना "हिना" असे ठळक अक्षरांत लिहून घ्यावे आणि मगच गाडी तिच्या ताब्यात द्यावी. ते नाव तिने खोडू नये. शिरगावच्या बाजारात ती त्याच गाडीवरून जाईल.

दुसरी : त्या दिवशी मी निघताना ती म्हणाली होती, "आजून पन लई बोललाय तो तुझ्याबद्दल. बापाच्या दिवसांना दहा दिस येत होता. ये कधी तरी, सांगन." मी ऐकले नाही असे दाखवून किक मारली. आज तीन आठवडे झाले, मी गेलेले नाही. गाडी हवी असेल तर ते सगळे तिने मला सांगावे. त्यातले चांगले, वाईट, हसण्यासारखे, काही गाळू नये. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, आणि तेव्हा मला ऐकू येणार नाही. म्हणून या कलमाची प्रत घेऊन येत्या रविवारी, १४ तारखेला, मी स्वतः शिरगावला जाणार आहे. तिच्यासमोर बसून तिच्या तोंडून माझ्या नवऱ्याचे बोलणे ऐकताना मला राग येणार आहे. तरी मी जाणार आहे.

येणेप्रमाणे जे माझे होते ते मी वाटून दिले. वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवून त्यांच्यासमोर सही केली आहे. गाडी मिळणाऱ्या व्यक्तीने साक्षीदार होऊ नये असे वकिलांचे मत पडल्याने जमुनाची सही घेतलेली नाही.

सही : हिना कमलाकांत तामोरे

साक्षीदार, ज्यांनी माझ्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या :
१. इंदुबाई रघुनाथ पागधरे, वय ६३, शेजारी, राहणार नवापूर
२. प्रदीप अंकुश वरठा, वय ३८, कारखान्यातील सहकारी, राहणार सालवड

ठिकाण : नवापूर, तालुका पालघर
दिनांक : ९ डिसेंबर २०२५, मंगळवार