धीरजच्या गाडीतून

९ एप्रिल २०२५, श्टुटगार्ट

गाडी सुरू केली की समोरच्या पडद्यावर त्याचं नाव उमटतं — धीरज. खाली स्वागताचे दोन जर्मन शब्द. त्याने गाडी नोंदवली ऑगस्टमध्ये, तो गेला नोव्हेंबरमध्ये, गाडी आली फेब्रुवारीत. ऑफिसच्या जिन्यात कोसळला. पस्तिशीही पूर्ण नव्हती! गाडीला हे कोण सांगणार?

नूतन म्हणाली, नाव काढता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, राहू दे का? मी ‘हो’ म्हणून मान हलवली. चाळीस वर्षं माइकसमोर उभी राहिलेली बाई मी — आणि सुनेपुढे मानेवर भागवलं.

गाडी आली की आई, तुला चार देश दाखवीन, असं तो म्हणाला होता. तो गेल्यावर नूतनने तिकीट पाठवलं. शब्द त्याचा होता, आता माझा आहे, म्हणाली. मला यायचं नव्हतं. पण का आले ते मलाच ठाऊक. ते उद्या लिहीन.

१० एप्रिल

सकाळी तळघरातल्या पार्किंगमध्ये चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मी! जिने शहाद्याच्या चौकात लिंबू-मिरचीवर तासभर भाषण ठोकलं होतं! रूपचंदने फोनवर बजावलं होतं. (रूपचंद म्हणजे माझे यजमान. चारचौघांत ‘हे’ म्हणते, कागदाला कसली लाज.) नूतनने गाडी पुढे घेतली, चार लिंबं फुटली. शेजारची जर्मन बाई कुत्रं घेऊन उभी होती. तिने काहीतरी विचारलं, नूतनने उत्तर दिलं आणि दोघी हसल्या. काय सांगितलंस, असं मी विचारलं. म्हणे, सांगितलं की सासूबाईंना सरबताचा वास आवडतो.

पाच महिन्यांत तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

११ एप्रिल, स्ट्रासबर्ग

दोन तासांत फ्रान्स. हद्द कुठे ओलांडली तेही कळलं नाही, एक पाटी आणि एक पूल. याच हद्दीसाठी दोन महायुद्धांत किती मेले ते मी पोरांना वर्गात शिकवलं आहे. आणि आता? नूतनने वेगही कमी केला नाही.

इथे स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे मी. समोरून ट्राम आली की माझा पाय आपोआप दाबला जातो. ‘आई, तिकडे ब्रेक नाही,’ नूतन म्हणते. गाडी छान चालवते पोरगी. अरुंद गल्ल्या, सायकली, कालव्याकाठची लाकडी घरं — कुठे घाबरली नाही.

आता लिहायचं ते. मला एका कामावर पाठवलं आहे. घरच्यांनी ठरवलं आहे की नूतनने धाकट्याशी, भाग्येशशी लग्न करावं. वर्षश्राद्ध झालं की पाट लावायचा. नूतनचं मन मी वळवायचं. नणंद प्रमिला तर माझे हात धरून म्हणाल्या, ‘वहिनी, घरनी लक्ष्मी घरमाच ऱ्हावू द्या.’ आणि रूपचंदने माझंच शस्त्र माझ्यावर उगारलं. विधवेचं लग्न झालंच पाहिजे म्हणून गावोगाव तूच ओरडतेस ना? मग आता घरातलं कर.

भाग्येशचं म्हणणं काय? तुम्ही म्हणाल तसं, एवढंच.

१२ एप्रिल, लक्झेंबर्ग

खोल दरी, वर दगडी पूल. धीरजला इथे उतरून फोटो काढायचा होता म्हणे. उतरलो. फोटो काढला नाही.

१३ एप्रिल, ब्रुसेल्स

तीन वर्षांपूर्वी तळोद्याच्या सभेत मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. एका पोरीला नवरा गेल्यावर सहा महिन्यांत दिराच्या गळ्यात बांधत होते. मी ते लग्न थांबवलं. बाई म्हणजे काय बैलजोडी आहे, थोरल्याच्या गोठ्यातून सोडून धाकट्याच्या दावणीला बांधायला? टाळ्या थांबेनात. आजही त्या भागात गेले की बाया ओळखतात.

आणि आता मी बेल्जियममध्ये, गुळगुळीत काळ्या सीटवर बसून, हेच सुनेला सांगायचं!

पण या पानाशी खोटं कशाला बोलू? मलाही ते हवं आहे. लक्ष्मी, घराणं, इस्टेट — असल्या कशासाठीही नाही. नूतन ‘हो का’ म्हणते ना, तो हेल धीरजचा आहे. चहात साय आली की ती बोटाने काढते, तशीच तो काढायचा. ती दुसऱ्या घरी गेली की हेही गेलं. मग माझ्याकडे त्याचं काय उरतं?

चौकात सोन्याच्या नक्षीची घरं, माणसांची गर्दी. नूतन वॉफल खात होती आणि भाग्येशबद्दल विचारत होती. केळीची नवी बाग कशी आहे, अजून पहाटे उठून पाणी धरायला जातो का, बोलताना अजून अडखळतो का. मी तुटक उत्तरं दिली. बिचारीला गप्प बसवत नाही म्हणून काहीबाही बोलते.

मी पोटच्या गोळ्याच्या दुःखासाठी हिचा बळी देऊ? नाही. नाहीच.

१५ एप्रिल, अ‍ॅमस्टरडॅमच्या वाटेवर

घात झाला.

फोन गाडीला जोडलेला असतो हे मला माहीत होतं, पण म्हणजे काय ते आज कळलं. दोन्ही बाजूंना ट्यूलिपचे पट्टे — लाल, पिवळे, जणू कोणी साड्या वाळत घातल्यात. एवढ्यात रूपचंदचा फोन आला. नूतनने बटण दाबलं आणि त्यांचा आवाज चहूबाजूंनी आला.

‘इचारं का नई तिले? बठा लोके मन्हाकडे देखी ऱ्हायनात. तठे एकली काय करी ती?’

मी ओरडले, गाडीत आहोत, नंतर बोलू. नूतनने फोन बंद केला. ती तळोद्याची, तिला अहिराणीतलं अक्षर न् अक्षर कळतं — विचारलं का तिला, सगळे लोक माझ्याकडे बघताहेत, तिथे एकटी काय करेल ती. तिने पुढचा ट्रक ओलांडला. मग म्हणाली, ‘काय विचारायचं होतं, आई?’

मी म्हणाले, काही नाही, घरच्या गोष्टी. तू समोर बघ.

ती समोरच बघत होती.

१६ एप्रिल, अ‍ॅमस्टरडॅम

नूतन बोटीची तिकिटं काढायला गेली तेव्हा कालव्याकाठी बाकावर बसून रूपचंदला फोन लावला. सरळ सांगितलं — हा विषय संपला. मी तिला विचारणार नाही आणि तुम्हीही कोणी विचारायचं नाही. माझ्या घरात सुनेला धाकट्याच्या नावावर चढवणार नाही. प्रमिलाला सांगा, समाजाला सांगा. मी माझ्याच पोराच्या बायकोसाठी माझा शब्द मोडला, तर उद्या कोणत्या तोंडाने उभी राहू?

आवाज चढला असावा. सायकलवाले वळून पाहत होते.

रूपचंदने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘तू सांगशी तसं.’ आवाजात राग नव्हता, थकवा होता. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी सभा जिंकले होते ना! बोटीवर चढले आणि पहिल्या पुलाखाली अंधार आला, तेव्हा रडून घेतलं. पुलापलीकडे ऊन होतं, तोवर डोळे पुसले.

१८ एप्रिल, कलोन

चर्चचे मनोरे मान मोडेपर्यंत उंच. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात सगळं शहर कोसळलं, हे उभं राहिलं. नूतनने मेणबत्ती लावली. मी देव मानत नाही, पण एक लावली.

परतीच्या वाटेवर तिने विचारलं, ‘आई, मी रनाळ्याला, आपल्या घरी राहायला आले तर?’

मला माहीत होतं ते भीतीपोटी आहे. दोन वर्षांची असताना आई गेली, बापाने दुसरा संसार मांडला, माहेर म्हणावं असं काही नाही. एकटेपणाला घाबरली आहे. मग मी बोलले. खूप दिवसांनी मनापासून बोलले. तुला कोणाच्या आधाराची गरज नाही. शिकलीस, कमावतेस, परक्या देशात गाडी हाकतेस. इथेच पाय रोव. आमच्याकडे बघून तुझं आयुष्य ठरवू नकोस. तू मोकळी आहेस, पोरी.

ती म्हणाली, ‘हो का.’

मग श्टुटगार्टपर्यंत काही बोलली नाही. मला वाटलं, शब्द आत उतरले.

२० एप्रिल

विमानतळ. तिने माझी बॅग सोडलीच नाही. कर्मचाऱ्याने हातातून घ्यावी लागली.

३० एप्रिल, रनाळे. आखाजी (अक्षय्य तृतीया)

धीरजची पहिली घागर. रूपचंदने मातीच्या घागरीत पाणी भरलं, वर खरबूज ठेवलं. मी सांजोऱ्या केल्या, आमरस केला. मग आमच्या रीतीप्रमाणे उंबरठ्यावर गेलेल्यांची नावं घेत एकेक कुंकवाचं बोट लावायला बसलो. आजे, पणजे, सासरे, सासूबाई. मग रूपचंद थांबले. वाटी माझ्याकडे सरकवली. हजारोंपुढे बोललेली मी, तीन अक्षरांचं नाव घेऊ शकले नाही.

भाग्येश खाली बसला. न अडखळता नाव घेतलं आणि बोट लावलं. मग उठून मागच्या दाराने मळ्यात गेला. दुपारी जेवायलाही आला नाही.

गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. माहेरी आलेल्या लेकी.

४ मे

शिंदखेड्याच्या कार्यक्रमाला नाही म्हणून कळवलं. विषय होता स्त्री आणि स्वातंत्र्य.

११ मे

भाग्येशचं जमलं. मुलगी बी.एड. आहे, नाव जागृती. वर्षाच्या आत लग्न नको, पण आज सुपारी फुटली, शब्द गेला. प्रमिलाने घाई केली, रूपचंदने अडवलं नाही. मीही नाही. बरं झालं, आता कोणाच्या तोंडी नूतनचं नाव येणार नाही. ती सुटली.

भाग्येशला पेढा भरवला. म्हणाला, आई, तू खूश आहेस ना?

१४ मे

नूतनचा फोन. जागृतीचा फोटो पाहिला, छान आहे म्हणाली. मग म्हणाली, ‘प्रमिला आत्यांनी मला मार्चमध्येच सगळं सांगितलं होतं. तुम्ही विचाराल म्हणून मी चारही देशांत वाट पाहिली.’

मी म्हणाले, अगं, मी तुला त्यातून वाचवलं.

ती म्हणाली, ‘आई, मी हो म्हणणार होते.’