दोघांनी जायचं बेट

प्रिय अपेक्षा,

दिवाळीत तू माझ्या त्या मॉन्स्टर पकडायच्या खेळाची नवी आवृत्ती घाईघाईत खेळायच्या यंत्रात घालून दिलीस आणि विमानतळाच्या दारात शिरता शिरता म्हणालीस, "अप्पा, मला तिकडं खेळायला वेळ मिळायचा नाही. नवीन काय काय आलंय ते तुम्हीच सांगा." तेव्हापासून दर रविवारी फोनवर विचारतेस आणि मी "चाललंय बरं" म्हणून विषय बदलतो. आज सगळं सांगतो. चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

पहिली मोठी गंमत म्हणजे पकडलेले मॉन्स्टर आता नुसते पिशवीत पडून राहत नाहीत. एकाला बाहेर काढलं की तो आपल्या मागं मागं चालतो. माझा तो मातीच्या गोळ्यासारखा आहे ना, त्याचं नाव मी ढेकळ्या ठेवलंय. तो मधेच थांबतो, काहीतरी हुंगतो, उकरतो. त्याला सोडून पुढं गेलं तर रुसून तिथंच फतकल मारतो. जुन्या खेळात त्याला फक्त लढवता यायचं; त्याला स्वभाव आहे हे मला आत्ता कळलं. मग हवामान. धुकं पडलं की एरवी न दिसणारे मॉन्स्टर बाहेर येतात, पण जाळं फेकलं की पसार. त्यांच्यासाठी काय करायचं माहितेय? बटणाला हातच लावायचा नाही. नुसतं बसून राहायचं, मग त्यांना वाटलं तर ते जवळ येतात. आयुष्यभर कंपनीच्या भोंग्यावर पळालेल्या तुझ्या बापाला तेवढंच जमत नव्हतं. पांढऱ्या शेपटीचा एक तर मी रोज हातचा घालवत होतो.

तो मिळाला गीताबाईंमुळं. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात त्या, एसटीत कंडक्टर होत्या, पिशोरच्या गाडीवर. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा राजकुमार कन्नडला असतो. सोसायटीच्या बाकावर मी यंत्राशी झटत बसलो होतो, तर मागून आवाज आला, "एवढं काय पकडायलात अप्पाराव, मच्छर का?" मी लाजून यंत्र लपवायला लागलो, तर त्या शेजारी बसल्याच. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "गाडी सुटायली म्हणून माणूस पळतो, तसं पळायलात तुम्ही. त्याला येऊ द्या की." मी हात मांडीवर ठेवले. आम्ही दोघं नुसते बसून राहिलो, आणि तो पांढऱ्या शेपटीचा आला गं, अगदी पायाशी! गीताबाईंनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की वॉचमन बघायला आला.

आता जी गोष्ट तुला सगळ्यात आवडेल ती. पूर्वी दोन खेळाडूंना एकमेकांशी लढता यायचं, नाहीतर मॉन्स्टरची अदलाबदल करता यायची. आता यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या बटणांच्या पट्ट्या काढून दोघांना एकेक हातात घेता येते आणि एकाच रानात बरोबर हिंडता येतं. एक नवं बेटही आहे. तिथला नावाडी एकट्याला नेतच नाही, दोघं असले तरच नाव सोडतो. तिथं एकजण फार पुढं गेला तर दुसरा येईपर्यंत वाट उघडत नाही. गीताबाई संध्याकाळी माझ्याकडं सोफ्यावर बसून खेळायला यायला लागल्या, आणि बेटावर सारख्या मागं राहायच्या. झाडामागं काय आहे, विहिरीत कोण आहे, सगळं बघून यायच्या. सुरुवातीला मी वैतागायचो. मग मीही थांबायला लागलो आणि कळलं, की अर्धे मॉन्स्टर मी न बघताच ओलांडून जात होतो.

संक्रांतीनंतर त्यांना ताप आला. राजकुमार येऊन त्यांना कन्नडला घेऊन गेला. मी एकटाच खेळत बसलो, बेट सोडून बाकी रान मोकळंच होतं. ढेकळ्यानं जमिनीतून कधी न पाहिलेला एक निळा मॉन्स्टर उकरून काढला, आणि "बघा, बघा" म्हणत मी बाजूला वळलो. सोफ्यावर कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

दार राजकुमारनं उघडलं. मी म्हणालो, शेजारी आहे, तब्येत विचारायला आलो. तो म्हणाला, "शेजारी फोन करतात काका. एवढ्या लांब येत नाहीत." तेवढ्यात आतून गीताबाईंचा आवाज आला, "येऊ दे रे त्यायला. माझे जोडीदार हायत ते." खेळातलं म्हणतायत, असं समजून मी मान खाली घालून आत गेलो. राजकुमार मात्र माझ्याकडं बघतच राहिला. बऱ्या होऊन परत आल्यावर गीताबाईंनीच विचारलं, "त्या दिवशी मी खेळातलं बोलले नव्हते. तुम्ही काय समजलात?"

तर अपेक्षा, फोनवर मी विषय का बदलायचो ते आता तुला कळलं असेल. मे महिन्यात आम्ही दोघं नोंदणी पद्धतीनं लग्न करतोय. राजकुमार आधी बरेच दिवस बोललाच नाही, मग एक दिवस स्वतः आला आणि म्हणाला, "आईला हसताना बघितलं, आता काय बोलू?" तुझ्या काकांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांच्या आधी तुला, आणि माझ्याकडूनच कळायला हवं होतं. तुझ्या आईचा फोटो आहे तिथंच आहे आणि तिथंच राहील. गीताबाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा बसायच्या आधी त्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. मी तुझी परवानगी मागत नाही, तसं म्हणालो तर ते खोटं होईल. पण तू आलीस तर मला फार बरं वाटेल. राग आला तर फोन करून भांड, मी ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. हे लिहितोय तेव्हा गीताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहेत. त्या म्हणतात, "पोरीनं मला आई म्हणायची काही गरज नाय. गीताबाई म्हणली तरी चालंल. फक्त बोलली पायजे."

तुझाच,
अप्पा