शेवटचं कडवं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सन १९१३

प्रिय मौलाली,

माझं पत्र म्हणून चुलीत घालू नकोस; आधी वाच, मग घाल. तू फड सोडून गडहिंग्लजला गेलास त्याला दोन वर्षं झाली. इकडं तुझ्या रंकाळ्याच्या गाण्यानं कहर केलाय. माझी ग्रामोफोनची तबकडी होतीच, आता नजीरानंही तेच गाणं भरलंय. पेठेत रोज भांडणं, तानाबाईचं चांगलं की नजीराचं. खरं सांगू, वरचा सूर तिचाच चांगला लागलाय. मला मेलीचा राग येतो, पण कान काय खोटं बोलत न्हाईत.

राग खरं तर दुसऱ्याच गोष्टीचा यायला हवा होता. तिच्याही तबकडीवर छापलंय, कवन तानाबाईचं. तुला ठाऊक हाय, गाणं संपलं की भोंग्यात आपलं नाव ओरडायचं, म्हणजे तिकडं विलायतेत कागद चिकटवणाऱ्याला कळतं तबकडी कुणाची. त्यानं माझं नाव ऐकलं आणि गाणंही माझंच ठरवलं. तुझं नाव शेवटच्या कडव्यात, 'मौलाली म्हणे', शाहिराची सही तिथंच असते की. तबकडी तीन मिनिटांची, कडवं राहिलं. नजीरानं माझ्या तबकडीवरूनच गाणं उचललं, तिला ते कडवं माहीतच नव्हतं.

फडातल्या सगळ्यांना मी हेच सांगत आले, कडव्याला जागा नव्हती. बाहेरच्या लोकांनी तर कवन छान रचलंस म्हणून मला शालू दिला, तो मी नेसलेही.

परवा केरबा ढोलकीवाला तिकडच्या उरुसाहून आला. म्हणाला, तू हे गाणं धरलंस आणि लोकांनी तुलाच चोर ठरवलं. शेवटचं कडवं म्हटलंस तर हसले, स्वतःचं नाव घुसडलं म्हणाले. तू डफ खाली ठेवलास तो पुन्हा उचलला नाहीस.

म्हणून लिहिते. तबकडी संपली नव्हती, मौलाली. तबकडी भरणाऱ्या साहेबानं बोट वर करून खूण केली होती, एका कडव्यापुरती जागा हाय. ती जागा मी माझ्या तानेत घातली. तुझं नाव खोडायचं मनात नव्हतं, तान मिरवायची होती. पण गेलं तुझंच नाव. येत्या सोमवारी तेच गाणं पुन्हा भरायला पुण्याला निघालेय. यंदा शेवटचं कडवं आधी म्हणणार, आणि संपल्यावर भोंग्यात ओरडणार ते तुझं नाव. कागदावर माझं आलं न्हाई तर न येऊ दे, गळा ओळखतील लोक. तू तेवढा डफ उचल.

तुझीच,
तुझ्या गाण्यावर मोठी झालेली
तानाबाई