सांधे माझे, सल्ले तुमचे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, पूर्ण शुद्धीत, बऱ्यापैकी वैतागलेल्या अवस्थेत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही.

१. राहतं घर, खोल्या दोन, धाकट्या बहिणीला द्यावं. कारण लिहिणं भाग आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तो परतू नये म्हणून पाच वर्षं रोज एक गोळी सांगितली. तिसऱ्या महिन्यापासून हाडन् हाड ठणकू लागलं. सकाळी कपाट धरून आधी अर्धी, मग पूर्ण उभी राहायची. सुईत दोरा ओवायला दहा मिनिटं. दुसऱ्या वर्षी मी कोणाला न सांगता गोळी बंद केली. सात आठवड्यांनी बहिणीला खळीच्या डब्यामागे न फोडलेली पाकिटं सापडली.

"हे काय गं?"

"काय म्हणजे? हात माझे आहेत."

"आणि तू कोणाची आहेस?"

ती रडली असती तर मी भांडले असते. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं दवाखान्यात गेले. आधीच्या डॉक्टरांनी माझी तक्रार 'वयोमानानुसार' म्हणून मिटवली होती. या बाईंनी ऐकून घेतलं, गोळी बदलली, रोज चालायला लावलं. दुखणं गेलं नाही, निम्म्यावर आलं. निम्म्यात काम होतं.

२. मोठं दाबयंत्र व कटिंग मशीन समोरच्या गल्लीतल्या बाइंडरला द्यावं. माझ्या शिलाईला त्यानं चारचौघांत नावं ठेवली, तेव्हापासून अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. माझी बोटं वळेनात, तेव्हा हाच माणूस माझ्या वह्या नेऊन शिवून आणायचा. आभार मानायला गेले तर म्हणाला, "टाके ढिले होते तुमचे. बघवेना." त्याला माफ केलेलं नाही. यंत्र मात्र त्यालाच.

३. वन्संनी दिलेल्या तेलाच्या नऊ बाटल्या, झाकण न उघडलेल्या, त्यांना परत कराव्यात. "दुखणं मनात असतं, वहिनी," असं त्या मला दर भेटीत सांगत. त्यांचा गुडघा दुखला तेव्हा तो गुडघ्यातच दुखत होता.

४. बँकेतली शिल्लक दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीला द्यावी आणि तिथे उंच खुर्च्या घ्याव्यात. सांधेदुखीच्या बायकांसाठी बुटक्या खुर्च्या कोणी निवडल्या, त्याला एकदा तिथे बसवून उठायला सांगावं.

५. गोळीची अजून दोन वर्षं बाकी आहेत. रोज शिव्या घालून घेणार आहे, पण घेणार आहे. वारसांनी घाई करू नये.

अंगठा चालेल, असं वकील म्हणाले. सर्वांना थांबवून मी सही केली.

सही: बाइंडरबाई

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली व ज्यांना यातलं काहीही मिळणार नाही:
१. डॉक्टरीणबाई
२. कागदाचे दुकानदार

दिनांक: सोळा, सोमवार
ठिकाण: वकिलांचं ऑफिस, तिसरा मजला. लिफ्ट बंद. चढून आले.