चाकामागची वीट

३ मार्च, सोमवार
रोजनिशी सुरू करते आहे. कारण भावनिक नाही. दिवसभर मी इतरांच्या तक्रारी नेमक्या शब्दांत नोंदवते. माझ्या कामाची नोंद मात्र कुठेच नाही. ही त्रुटी आहे.

काम असं: मोटार कंपनीचा दोष-तपास विभाग. गाडीच्या सुरक्षिततेबद्दल लोक तक्रार करतात, मी ती वाचून तिला कोड देते. एका कोडखाली दहा तक्रारी जमल्या की सिस्टिम आपोआप तपास सुरू करते. दोष सापडला तर त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करतात. दहा म्हणजे दहा. नऊ म्हणजे काही नाही. पद्धत कोणाचं तोंड बघत नाही, म्हणून मला आवडते.

आज माझी सुधारणा मंजूर झाली. आधी ‘उभी गाडी आपोआप सरकली’ असा एकच ढोबळ कोड होता. मी त्याचे अकरा केले. उतारावर मागे सरकली, उतारावर पुढे सरकली, सपाटीवर, इंजिन चालू, इंजिन बंद, इत्यादी. साहेब म्हणाले, वा! आता नक्की काय होतंय ते कळेल. शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअरला सगळे शंकासुर म्हणतात. तो म्हणाला, एका घागरीचं पाणी अकरा घागरींत ओतलंस, आता एक तरी काठोकाठ भरेल का? त्याला उपमा फार सुचतात. कामात प्रगती कमी.

संकल्प: १. ऑफिसचं घरी बोलायचं नाही. २. आईच्या विटेचा प्रश्न या महिन्यात निकाली काढायचा.

५ मार्च, बुधवार
विटेविषयी.

घरची गाडी आमच्याच कंपनीची, नवं मॉडेल. मीच घ्यायला लावली. गिअरच्या दांड्याऐवजी गोल खटका आहे; तो ‘पी’ वर फिरवला की हिरवा दिवा लागतो आणि गाडी जागच्या जागी अडकते. गाडी आई चालवते. बाबांना गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून त्यांना फिजिओकडे न्यावं लागतं. आमचं घर चढावर आहे. परत आल्यावर आई आधी उतरते, डिकीतून वॉकर काढते, मग बाबा उतरतात आणि गाडीला मागून वळसा घालून जिन्याकडे जातात. त्यांना वेळ लागतो.

आईचं मनगट धरलेलं असतं, हँडब्रेक पुरता ओढला जात नाही. म्हणून ती मागच्या चाकामागे वीट ठेवते. लाल, एक कोपरा उडालेली. वीट डिकीत पिशवीतून प्रवास करते. आज समोरच्या काकूंनी विचारलं, अगं, तू त्याच कंपनीत आहेस ना गं? मी हो म्हटलं. त्यांनी विटेकडे पाहिलं. मीही पाहिलं.

आईचं म्हणणं, जुन्या गाडीलाही लावायचे मी. म्हणजे वीट हा पुरावा नाही, सवय आहे.

७ मार्च, शुक्रवार
सरकण्याच्या तीन तक्रारी. बेकरीवाले: सपाटीवर, पुढे, इंजिन चालू. कोड सात. गाण्याच्या बाई: उतारावर, मागे, इंजिन बंद. कोड दोन. लिहितात, ‘माझ्याकडे बघत बघत निघून गेली.’ दिशा स्पष्ट होते, म्हणून वाक्य उपयुक्त. तिसरे एक दंतवैद्य. कोड चार.

तिघांना उत्तर गेलं. उत्तरातलं मुख्य वाक्य माझं आहे: ‘खटका पी वर असला तरी गाडी जागेवर राहील याची खात्री करणे ही चालकाची जबाबदारी आहे.’ विभागात सगळे तेच वापरतात.

दंतवैद्यांचा फोन आला. म्हणाले, बाई, ‘पी’ म्हणजे काय मग, प्रवास? मी पुस्तिकेतलं पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, उद्या माझ्याकडे बसवलेला दात तुमच्या हातात आला, तर मी म्हणू का, तुम्ही तोंड मिटून बसायला हवं होतं? मी म्हटलं, पुस्तिकेत तसं लिहिलं असेल तर जरूर म्हणा. त्यांनी फोन ठेवला. संवाद समाधानकारक.

९ मार्च, रविवार
विटेचा प्रश्न निकाली.

आई-बाबांसमोर प्रात्यक्षिक केलं. गाडी चढावर लावली, खटका ‘पी’ वर, इंजिन बंद, वीट बाजूला. गाडी हलली नाही. पुन्हा केलं. हलली नाही. बाबा खिडकीतून बघत होते. म्हणाले, तुझ्यासमोर शहाण्यासारखीच वागणार ती, तिच्याच जिवावर तुझा पगार. विनोदाचा पुराव्यावर परिणाम होत नाही.

वीट गच्चीत नेऊन कुंडीखाली ठेवली. आई काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती.

१३ मार्च, गुरुवार
आई म्हणाली, काल फिजिओच्या दारात गाडी हलली. मी विचारलं, किती? तिने हाताने दाखवलं, एवढी. मी विचारलं, सेंटिमीटरमध्ये? ती म्हणाली, मी पट्टी घेऊन उतरत नाही गं. हिरवा दिवा होता का? तिचं लक्ष नव्हतं. माहिती अपुरी.

बाबा म्हणाले, दिवा होता, मी पाहिला. बाबांची साक्ष बाद केली. झटक्यापासून त्यांना डाव्या बाजूचं नीट दिसत नाही. दिवा त्यांच्या उजव्या बाजूला असतो, हे नंतर लक्षात आलं. पण तोवर निर्णय झाला होता.

मनावर परिणाम नाही. संध्याकाळी खाली जाऊन गाडीच्या चाकांतली हवा पाहिली. ठीक होती. परत येताना आणखी एकदा पाहिली.

१७ मार्च, सोमवार
निव्वळ कुतूहल म्हणून सरकण्याचे अकराही कोड उघडले. कुठल्याच कोडखाली सहाच्या वर नोंदी नाहीत. म्हणजे पद्धतीनुसार दोष नाही.

मग बेरीज केली. कोडांची बेरीज करायची पद्धत नाही, म्हणून आकडा इथे लिहीत नाही. शंकासुर मागून जाता जाता म्हणाला, एक्केचाळीस. मी विचारलं नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार
साहेबांकडे गेले. अकरा कोड पुन्हा एक करावेत, असं सुचवलं. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, अगं, तूच वेगळे केलेस ना? मुख्य ऑफिसला इतके आवडलेत, सगळ्या शाखांत लावताहेत. पुढच्या महिन्यात तूच ट्रेनिंग द्यायचं आहेस. आणि तूच म्हणाली होतीस, ढोबळपणा हा अप्रामाणिकपणा आहे. मी ते लिहून ठेवलंय.

वाक्य माझंच आहे. चांगलं आहे.

मी म्हटलं, सर, एकच दोष अकरा ठिकाणी विखुरला असेल तर? ते म्हणाले, डेटाला बोलू दे, आपण मध्ये बोलायचं नाही. डेटा बोलतोच आहे, पण आपण त्याला अकरा खोल्यांत कोंडलंय, हे उत्तर मला जिना उतरताना सुचलं. परत वर गेले नाही. सुचलेलं उत्तर वाया जात नसतं. शेवटी ते म्हणाले, अर्ज दे, समिती बसेल तेव्हा बघू. समिती कधी बसते? बसते की, म्हणाले.

अर्ज दिला. आता प्रकरण योग्य हातांत आहे.

२१ मार्च, शुक्रवार
जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या आवारात त्याच मॉडेलच्या गाडीवर स्वतः चाचणी घेतली. खटका फिरवता फिरवताच इंजिन बंद केलं, म्हणजे घाईतला माणूस करतो तसं, की कधीकधी दिवा लागतो पण चाकं अडकवणारा आतला दात बसत नाही. कधीकधी. प्रत्येक वेळी नाही. खाली उतरून वही उघडली, तोवर गाडी माझ्यापासून दूर निघाली होती. पळत जाऊन, आत शिरून ब्रेक दाबला. निष्कर्ष: अनिर्णित.

गाडी जागेवर लावताना खाली वाकले, तेव्हा एक गोष्ट दिसली. आवारात आमच्या मॉडेलच्या जेवढ्या गाड्या, तेवढ्यांच्या चाकाला दगड. साहेबांच्याही. साहेबांचा दगड पांढरा रंगवलेला आहे, वर गाडीचा नंबर टाकलाय. शंकासुराच्या गाडीला दोन.

घरी येऊन ठरवलं: वीट परत द्यायची. माघार नव्हे, समितीचा निर्णय येईपर्यंतची व्यवस्था. पण लगेच नाही. लगेच दिली तर आईला वाटेल मी घाबरले. सोमवारी देईन, सहज दिल्यासारखी.

२४ मार्च, सोमवार
सुट्टी घेतली. कारण खासगी. बाबांना फिजिओकडून आणायला आईबरोबर गेले. घरी आलो की गच्चीतून वीट आणायची, असा क्रम ठरवला होता.

आईने चढावर गाडी लावली. खटका ‘पी’ वर, हिरवा दिवा. मी पाहिला. आई उतरली, वाकून काहीतरी उचलल्यासारखं केलं, मग डिकीतून वॉकर काढला. मी बाबांना उतरवलं. ते वळसा घालून गाडीच्या बरोबर मागे आले. नेहमीसारखे थांबले. म्हणाले, जरा दम खाऊ दे, काय घाई आहे, गाडी कुठे चाललीय.

गाडी चालली.

आवाज नव्हता. मागचा बंपर बाबांच्या वॉकरला टेकला आणि थांबला. मी मध्ये हात घातला होता. दीड टनाच्या गाडीला हाताने अडवता येत नाही, हे मला शिकवलेलं आहे. गाडी माझ्या हाताने थांबली नव्हती. मागच्या चाकाखाली वीट होती. करड्या कापडाचा अभ्रा घातलेली, रस्त्याच्याच रंगाची, सहज दिसू नये अशी.

आई म्हणाली, तुझ्या प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्याच दिवशी शिवला. तुला वाईट वाटू नये म्हणून. कुंडीखालून वीट काढून तिथे पाटाचा तुकडा ठेवला होता. वीट आता डिकीऐवजी तिच्या सीटखालून प्रवास करत होती. बाबांना सगळं ठाऊक होतं. ते म्हणाले, बघ, लागला की ब्रेक. मग कोणी हसलं नाही म्हणून स्वतःच थोडं हसले. वॉकर वाजत होता.

काहीतरी धरायला हवं होतं म्हणून मी आईची बाही धरली होती. ती म्हणाली, सोड, फाटेल.

२६ मार्च, बुधवार
आईच्या नावाने रीतसर तक्रार केली. इतकी परिपूर्ण तक्रार या विभागात आजवर आलेली नाही. उतार, खटका, दिवा, दिशा, अंतर. सिस्टिमने पाळीप्रमाणे ती माझ्याकडेच पाठवली. नातेवाइकांची तक्रार स्वतः हाताळायची नाही असा नियम आहे. शंकासुराकडे दिली. अखेर त्याचा उपयोग होईल.

त्याने बराच वेळ वाचली. मग खुर्ची फिरवली. म्हणाला, हे कुठल्याच कोडात बसत नाही गं. तुझी व्याख्या बघ: ‘सरकली म्हणजे किमान तीस सेंटिमीटर.’ ही आठ सेंटिमीटरवर विटेला अडली. मी म्हटलं, वीट नसती तर? तो म्हणाला, ‘नसती तर’ला रकाना नाही. मी मागितला होता तेव्हा तू म्हणालीस, आपण कल्पना नोंदवत नाही.

म्हणाला, नवा कोड लागेल. आणि कोड बनवायचा अधिकार तुझाच आहे. तो टोमणा मारत नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं.

बनवला. कोड बारा: ‘सरकण्याचा प्रयत्न, बाह्य वस्तूमुळे अडली.’ नोंदी: एक.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, बाबा बरे आहेत ना? मग झालं तर. आणि बारावा कोड ट्रेनिंगमध्ये घे हं. साहेब, तुमचा दगड पांढरा का आहे, असं विचारलं. म्हणाले, उचलायला विसरलो की टायर फुटतो ना.

२८ मार्च, शुक्रवार
आईला कंपनीचं उत्तर आलं. विभागाची सगळी पत्रं माझ्या सहीने जातात. सही सिस्टिम करते. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. ‘खटका पी वर असला तरी गाडी जागेवर राहील याची खात्री करणे ही चालकाची जबाबदारी आहे.’ पुढे नवीन होतं: ‘कंपनीने न पुरवलेल्या वस्तू गाडीला लावू नयेत. त्यामुळे दोषाची नोंद घेण्यात अडचण येते.’

बाबा म्हणाले, भाषा स्वच्छ आहे हो पोरीची.

आईने पत्र नीट घडी करून बाजूला ठेवलं. विचारलं, आता काय करायचं मग? मी म्हटलं, गाडी विकू. बाबा म्हणाले, विक, पण घेणाऱ्याला वीट द्यावी लागेल सोबत, नाहीतर झोप लागायची नाही. दुसरी गाडी लगेच येणार नाही आणि फिजिओ सोमवारी आहे.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बांधकामावर गेले. मुकादमाने विचारलं, किती हव्यात? मी म्हटलं, एक. तो म्हणाला, एका विटेत काय बांधणार? त्याने निवडून दिली. चारही कोपरे शाबूत.

दुसऱ्या मागच्या चाकासाठी. आईने तिलाही अभ्रा शिवला. विटेचं माप मी घेतलं, तिन्ही बाजूंनी, मिलिमीटरपर्यंत. आई म्हणाली, अगदी बरोबर बसला.